व्हिटॅमिन मास्तरांच्या हिरड्या

वेल्हे, ८ जुलै १९६८, सोमवार

सरकारने मला एक दौरा-डायरी दिली आहे. तिच्यात मी भर पावसात रोज तीन गावं फिरतो, दीडशे महिलांचं प्रबोधन करतो आणि सगळ्या महिला प्रभावित होतात. खरं लिहायला तिच्यात जागाच नाही, म्हणून ही दुसरी वही भोरहून आणली. हिच्यात खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. किती दिवस जमतं बघू.

तर खरं असं. मी सोपान, मूळचा सारोळ्याचा, वय एकोणतीस, लग्न झालेलं नाही, हुद्दा आरोग्य प्रचारक आणि तोही हंगामी. माझा विषय जीवनसत्त्व क, म्हणजे व्हिटॅमिन सी. बाकीच्या प्रचारकांच्या वाट्याला नारू, खरूज आणि संडास आले, मला फळं मिळाली, म्हणून सगळे जळतात. माझ्याकडे एक रंगीत तक्ता आहे, एक पुस्तिका आहे आणि आंबट पांढऱ्या गोळ्यांचा हजाराचा डबा आहे. गोळ्या गरोदर बाया आणि अशक्त पोरांना वाटायच्या. पुस्तिकेचं शेवटचं पान स्कर्व्ही नावाच्या रोगावर आहे. तो जहाजावरच्या खलाशांना होतो. वेल्ह्याला एसटी धड येत नाही, जहाज कुठून येणार, म्हणून ते पान मी वगळतो.

तक्त्यावर सफरचंद, मोसंबी, संत्रं आणि द्राक्षाचा घड आहे. आज एका म्हातारीने सफरचंदावर बोट ठेवून हे तांबडं वांगं कुठं पिकतं असं विचारलं. मी काश्मीर म्हणालो. ती म्हणाली, मग तिथल्या बायांना जाऊन सांगायचं, आम्हाला कशाला उठवून आणलं. सभा तिथेच संपली.

१९ जुलै, शुक्रवार

पथ्य चालू. जूनमध्ये पित्ताने जीव नकोसा केला होता. गावाकडच्या गेनबा वैद्यांनी पंधरा दिवस आंबट, तिखट आणि कच्चं बंद सांगितलं. गुण आला. पंधरा दिवसांत एवढा गुण, तर चार-पाच महिने पाळलं तर माणूस लोखंडाचा होईल, असा हिशेब करून मी पुढे चालूच ठेवलंय आणि यादीत माझी स्वतःची भर घातलीय. लिंबू, चिंच, ताक, मिरची बंद. कांदा उष्ण, बटाटा वातूळ, पावसाळी पालेभाजीत किडे, फळाने सर्दी. उरतं ते मऊ भात, मुगाचं वरण, तूप-भाकरी, चहा-बिस्किटं आणि तीन उकळ्या काढून आटवलेलं दूध. स्टोव्हवर मीच करतो. एवढा सात्त्विक आहार साऱ्या तालुक्यात कुणाचा नसेल.

दौऱ्यावर सोबत कुंडलिक असतो. तो देवीची लस टोचतो. भोरचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, नोकरीत कायम. लोक मला बघून हसतात आणि त्याला बघून पळतात, त्यामुळे आमचं जमतं. आज आम्ही एका देवळाच्या पडवीत डबे सोडले. त्याने भाकरी, हिरवा ठेचा आणि फोडलेला कांदा माझ्यापुढे सरकवला. मी म्हणालो, मला पथ्य आहे. तो बरं म्हणाला आणि जेवला. मग बराच वेळ पावसाकडे बघत बसला. कुंडलिकच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, ते घर बौद्ध आहे. मी असलं काही मानत नाही, हे त्याला माहीत असणारच.

४ ऑगस्ट, रविवार. कामथडीहून आल्यावर

मुलगी बघायला गेलो होतो. ही तिसरी. पहिलीच्या बापाला हंगामी नोकरी चालली नाही, दुसरीला मी चाललो नाही.

हिचं नाव लीला. मॅट्रिक, कामथडीतच बालवाडी चालवते. वडील रामभाऊ, शेती बरी. किकवीला दिलेली आत्या, अक्काबाई, मुद्दाम आली होती. अक्काबाईच्या नजरेतून बैल सुटत नसेल, मी तर माणूस. पोहे आले. वर लिंबू पिळलेलं, कोथिंबीर, मिरच्यांचे तुकडे. मी पथ्य सांगून फक्त दूध मागितलं. आत्याबाई रामभाऊंना म्हणाल्या, जावई दुधावर हाय, उंदीर पकडतो का तेबी विचारा. आत कुणीतरी हसलं.

मग लीलाने मला विचारलं, तुम्ही नक्की काम काय करता. मी तक्ता नसताना पाऊण तास सांगितलं. शरीर क जीवनसत्त्व साठवून ठेवत नाही, ते रोजच्या रोज पोटात जावं लागतं, शिजवताना ते उडून जातं, वगैरे. ती खाली न बघता ऐकत होती. शेवटी म्हणाली, मग आमच्या पोरांना सफरचंदाबिगर काय द्यायचं. हे पुस्तिकेत नाही. मी वरिष्ठांना विचारून कळवतो म्हणालो.

मला ती आवडली. इथे खोटं लिहायचं नाही म्हणून सरळ लिहितो, फार आवडली. नासरापूरच्या फाट्यावर एसटीची वाट बघताना मी दोनदा उगाच हसलो. संध्याकाळी निरोप आला की पसंती आहे. दिवाळीनंतर सुपारी, तुळशीची लग्नं झाली की मार्गशीर्षात आमचं.

२२ ऑगस्ट, गुरुवार

आज या लोकांपुढे हात टेकले. पलीकडच्या आळीतल्या बनाबाईला महिन्याच्या गोळ्या दिल्या होत्या. विचारायला गेलो तर तिने त्या आमटीत घातल्या होत्या. चिंच संपली होती म्हणे, आणि सरकारची गोळी चवीला चिंचेच्या वरताण. मी म्हणालो, अगं उकळून त्यातलं सगळं सत्त्व गेलं. ती म्हणाली, चव तर ऱ्हायली ना.

घरमालकीण धोंडाबाई हे ऐकून पोट धरून हसली. ही सत्तरीची विधवा, मला अर्धं घर भाड्याने दिलंय आणि उरलेल्या अर्ध्यातून माझ्यावर देखरेख करते. तिने विचारलं, मास्तर, तुम्ही स्वतः खाता का ह्या गोळ्या. मी सांगितलं की एक तर त्या गरजूंसाठी आहेत, दुसरं म्हणजे आंबट आहेत, माझं पित्त खवळेल. तिसरं कारण बोललो नाही, पण दूध-तूप खाणाऱ्या माणसाला गोळी कशाला लागेल.

हल्ली चढ चढताना पाय भरून येतात. संध्याकाळी गुडघे धरतात. वेल्ह्याची हवा दमट, सांधे धरणारच. सांध्यांना आंबट वाईट, तेव्हा पथ्य सोडलं नाही ते बरंच झालं.

११ सप्टेंबर, बुधवार

दात घासताना रक्त आलं. कालही आलं होतं. उष्णता. पावसाळ्यात उष्णता कुठून आली हे कळत नाही, पण हिरड्यांतून रक्त म्हणजे उष्णता, हे सारोळ्यात शेंबडं पोरही सांगेल. चहात आलं घालत होतो, ते बंद केलं. दूध अर्ध्या शेराने वाढवलं, आणि आता चार उकळ्या.

धोंडाबाईने दारातून बघितलं आणि वाटीत ठेचा घेऊन आली. कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या, पाट्यावर कच्च्याच रगडलेल्या. तोंडाला चव येईल म्हणे. मी वाटी परत दिली. या माणसांची खरंच कीव येते. भाकरी, कांदा आणि ठेचा, झालं जेवण, आणि मध्ये कधी रानातली भाजी नाहीतर पोरांनी आणलेला पेरू. तक्त्यावरचं एकही फळ यांच्या पोटात जात नाही. तरी सत्तरीत धोंडाबाई ऊस दातांनी सोलते. देवाची करणी, दुसरं काय.

कुंडलिक आजकाल डबा घेऊन लांब झाडाखाली जाऊन जेवतो. लसीकरणाच्या कामाचा ताण असेल. विचारायचं होतं, पण मला हल्ली बोलायचाच कंटाळा येतो. कुणी दोनदा तेच विचारलं तर मारावंसं वाटतं.

२२ सप्टेंबर, रविवार

भाकरी दुधात भिजवून खातो, चावत नाही. हिरड्या वांग्यासारख्या जांभळ्या आणि फुगलेल्या. तोंडाला वास येतो, हे मला कुणी सांगितलं नाही, पण आज एसटीत शेजारचा माणूस उठून उभा राहिला आणि किकवीपर्यंत उभाच गेला.

गेल्या वर्षी सायकलवरून पडून कोपराला खोक पडली होती. ती जखम केव्हाच भरली होती. परवा ती आपोआप उलली.

आणि पाय. आज अंघोळ करताना बघितलं, दोन्ही पोटऱ्यांवर तांबडे ठिपके. डास म्हणालो. पण डास असा केसाकेसाच्या बुडाशी बसून चावत नाही. मांडीवर निळा डाग आहे, मार लागल्याचं आठवत नाही. बराच वेळ टाचणी घेऊन पाय टोचत बसलो, लागतं की नाही ते बघायला. टाचणी लागली. पण सगळीकडे सारखी लागली का, हे सांगता येत नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार

काल दसरा. सोनं लुटून सगळा गाव चावडीपाशी एकमेकांना आपट्याची पानं देत होता. मी गेलो. लोकांनी माझ्यापुढे पानं धरली, पण टोकाला धरून. गळ्यात कुणी पडलं नाही. दर वर्षी पाठ दुखेस्तोवर मिठ्या मारणारी माणसं ही.

रात्री मी धोंडाबाईला काय झालं ते विचारलं.  ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "मास्तर, माझं ऐकून रागावू नका. बाया म्हनत्यात तुमाला रगतपिती झालीया. तुमच्या हातची गोळी आता कुनी घ्यायची न्हाई."

रगतपिती म्हणजे महारोग. मी तिला ओरडून गप्प केलं. चांगलंच ओरडलो, सत्तर वर्षांच्या बाईवर. ती मुकाट्याने आत गेली. पण खरं लिहायचं तर, हाच शब्द दहा दिवस माझ्या मनात होता आणि मी तो वहीतसुद्धा लिहिला नव्हता. मला भीती वाटते आहे. फार भीती वाटते आहे.

१३ ऑक्टोबर, रविवार

डॉक्टरांकडे जायचं तर भोर, आणि भोरमध्ये मला कोण ओळखत नाही. आरोग्य खात्याच्या माणसाला महारोग, ही बातमी माझ्या आधी सारोळ्याला पोचेल. आईला कुणी पाणवठ्यावर येऊ देणार नाही. मी तेवढा धीट नाही.

आज कामथडीला पत्र लिहिलं. तीनदा फाडलं, चौथ्यांदा ठेवलं. रामभाऊंना लिहिलं की माझ्या काही खाजगी अडचणीमुळे लग्न होऊ शकत नाही, आपल्या मुलीत काही दोष नाही, दुसरीकडे बघावं. लीलाबद्दल आणखी दोन ओळी होत्या, त्या खोडल्या. ती दुसऱ्या कुणाची होईल हे लिहिताना हात चालेना, पण तिच्या गळ्यात हे लोढणं अडकवण्याइतका मी नीच नाही. गुरुवारी किकवीला व्याख्यान आहे. ते शेवटचं. येताना नासरापूरला पत्र पेटीत टाकायचं आणि महिन्याअखेर राजीनामा.

कालपासून खालचा एक दात जिभेने हलतो.

१७ ऑक्टोबर, गुरुवार. परत आल्यावर, दिवा लावून

हे सगळं आजच लिहून टाकतो.

किकवीला देवळात चाळीसेक बाया होत्या. पहिल्या ओळीत अक्काबाई. लीलाची आत्या किकवीची हे मी विसरलोच होतो. त्यांना बघून माझं अवसान गेलं. दात दुखत होता, तोंडी व्याख्यान जमेना, म्हणून मी पुस्तिका उघडली आणि पहिल्यापासून सरळ वाचत सुटलो. एरवी मी वीस मिनिटांत थांबतो. आज थांबायचं भान राहिलं नाही आणि शेवटचं पान आलं.

मी वाचत होतो: ताजी फळे व भाजीपाला दोन-तीन महिने न मिळाल्यास स्कर्व्ही होतो. प्रथम थकवा येतो व सांधे दुखतात. हिरड्या सुजून जांभळ्या पडतात व त्यांतून रक्त येते. मुखास दुर्गंधी येते. पायांवर केसांच्या मुळाशी तांबडे ठिपके उठतात. भरलेल्या जखमा पुन्हा उलतात. दात हलू लागतात. रोगी चिडखोर बनतो.

चिडखोर म्हणताना मागे कुंडलिक खोकला. मी त्याच्यावर डोळे वटारले आणि पुढे वाचायला गेलो. तेवढ्यात अक्काबाई उठल्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "ह्यो खलाशी तर तुमीच दिसताय. वट वर करा बघू."

चाळीस बायांपुढे मी ओठ वर केला. का केला, कोण जाणे. बाईंचा आवाज तसा होता. त्यांनी बघितलं, वास आल्यावर मान जरा मागे घेतली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "गोळ्या कुनाच्या हातात हायत?"

माझ्याच हातात होत्या. डब्यात अजून सहाशे शिल्लक.

हसण्याचा असा आवाज मी कधी ऐकला नाही. पोरं कडेवर घेतलेल्या बाया पोरांसकट हसत होत्या. मी तक्ता गुंडाळून बाहेर आलो. लाज वाटली का? वाटली. पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी होतं. महारोग नाही. त्या पानावर लिहिलेलं एकूण एक माझं होतं, आणि खाली छापलं होतं की उपचार साधा आहे.

फाट्यावर एसटी यायला दीड तास होता. कुंडलिक येऊन शेजारी बसला. बऱ्याच दिवसांनी शेजारी बसला. त्याने डब्यातल्या चार गोळ्या मोजून माझ्या तळहातावर ठेवल्या. मी पित्त म्हणालो. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी गोळ्या चघळल्या. मग त्याने स्वतःचा डबा काढला, पण उघडला नाही.

"सोपानराव, आता इचारतो," तो म्हणाला. "तीन महिनं मी समजत व्हतो, तुमचं पथ्य माझ्या डब्याचं हाय."

मी म्हणालो, अहो नाही, पित्तच होतं, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की.

"सांगितलं व्हतं. आमाला सगळेच काहीतरी सांगत्यात. कुनाला पथ्य असतं, कुनाला उपास असतो, कुनी नुकताच जेवून आल्याला असतो."

 तीन महिने शेजारी चाललो, आणि हा माणूस लांब झाडाखाली का जेवतो, हे विचारायचं मला सुचलं नाही. ताण म्हणे. मी डबा त्यांच्या हातातून घेतला आणि उघडला. भाकरी, ठेचा, कांदा. ठेचा फुगलेल्या हिरड्यांना लागला आणि ब्रह्मांड आठवलं. तरी अर्धी भाकरी खाल्ली. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. मिरची फार होती.

पत्र खिशातच राहिलं. नासरापूर आलं तेव्हा कुंडलिकराव म्हणाले की तुमचा स्टॉप आला ना, पेटीत काही टाकायचं म्हणत होता. मी नको म्हणालो.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी झाली. गेले सात दिवस गोळ्या, पेरू, कच्चा कांदा, ठेचा. पित्ताचा पत्ता नाही. रक्त तिसऱ्या दिवशी थांबलं, गुडघे पाचव्या. आवळे डोंगरात लागलेत, पण तुळशीच्या लग्नाआधी धोंडाबाई ते तोडू देत नाही. तिची मी माफी मागितली. ती म्हणाली, ओरडाया तरी ताकद व्हती हे बघून बरं वाटलं. हलणारा दात मात्र पाडव्याला बेसनाच्या लाडवात निघाला.

परवा भोरला जाऊन डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पाय बघितले, टाचणी टोचली, मग माझा हुद्दा विचारला आणि खुर्चीत मागे रेलून इतके हसले की बाहेरचे रोगी डोकावायला लागले. महारोगाचा संबंध नाही म्हणाले, शुद्ध स्कर्व्ही. लिहून देतो म्हणाले. मी आधी नको म्हणालो. कारण कागद झाला की कधीतरी खात्यात पोचणार, आणि क जीवनसत्त्वाच्या प्रचारकाला क जीवनसत्त्वाच्याच अभावाचा रोग, अशा हंगामी माणसाला कोण ठेवेल?

पण घरी आलो तर रामभाऊंचा निरोप येऊन पडला होता. तुमच्याविषयी नको ते कानावर येतंय, सुपारी तूर्त थांबवू. अक्काबाईंच्या आधी वेल्ह्याची बातमी कामथडीला पोचली होती. त्यांनी मागाहून सांगितलं असेल, पण महारोगाच्या बातमीमागून व्हिटॅमिनची बातमी गेली, तर खरी कोणती वाटणार?

आज पुन्हा भोरला गेलो आणि कागद लिहून घेतला.

२७ ऑक्टोबर, रविवार. कामथडीहून आल्यावर

रामभाऊंच्या ओट्यावर आठ-दहा माणसं बसलेली होती. मला बघून ती थोडी थोडी सरकली. बसा कुणी म्हणालं नाही. मला वाटलं आत बोलावतील, मग कानात सांगता येईल. कुणी बोलावलं नाही, म्हणून उभ्यानेच सांगितलं. पहिल्यापासून. पित्त, पंधरा दिवसांचं पथ्य मी पाच महिन्यांचं केलं ते, तीनाच्या चार उकळ्या, घरमालकिणीचा परत दिलेला ठेचा, कुंडलिकरावांचा नाकारलेला डबा, वगळलेलं पान, उशाशी सहाशे गोळ्या. पँट गुडघ्यापर्यंत वर करून फिकट झालेले ठिपके दाखवले. ओठ वर करून दाताची खिंड दाखवली. शेवटी कागद काढून मोठ्याने वाचला, हुद्द्यासकट. ऐकणाऱ्यांत एक जण भोरच्या कचेरीत शिपाई आहे. उद्या सकाळी साहेबांच्या टेबलावर माझा चहाबरोबर नाश्ता होणार. होऊ दे.

 मग आतून हसण्याचा आवाज आला. रामभाऊंनी मागे न बघता गप्प बसा म्हटलं, पण त्यांच्याही मिशा हलत होत्या. म्हणाले, रोग नाही हे पटलं. पण असल्या शहाण्याला पोरगी द्यावी का, त्याचा विचार करावा लागेल.

तेवढ्यात लीला बाहेर आली. पदराला हात पुसत, उंबऱ्यातच उभी राहिली. आज हसत नव्हती.

"मला एक इचारायचंय," ती म्हणाली. "घरमालकिणीनं ठेचा दिला, न्हाई खाल्ला. कुंडलिकभाऊंनी डबा पुढं केला, न्हाई खाल्ला. आमी पोहं दिलं, त्येबी न्हाई. वैद्यानं पंधरा दिवस सांगितलं, त्येचंसुदिक ऐकलं न्हाई. मी काय सांगितलं तर तुमी ऐकाल, ह्याचा भरोसा काय?"

ओट्यावरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. उत्तर द्यायला मला पाऊण तास पुरला असता. व्याख्यानं देण्यात हयात चाललीय. पण तिच्या तोंडाकडे बघून खोटं बोलवेना.

"भरोसा नाही," मी म्हणालो. "आजवर मी कुणाचंच ऐकलेलं नाही. सवयच नाही."

रामभाऊंनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, संपलं. मनातल्या मनात मी एसटीची वेळ आठवत होतो.

लीला बापाकडे वळली. "आबा, ऐकीन म्हनले असते तर मी न्हाई म्हननार व्हते. सुपारी फोडा."

मग ती ओट्याच्या कडेला बसली आणि बोलायला लागली. बालवाडीत तीस पोरं आहेत, त्यांना सफरचंद कोण देणार. पेरू, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, आवळा, हे चित्रात का नाही. नोकरी गेली तर जाऊ दे, राहिली तर तो तक्ता आधी बदला. चार उकळ्यांचं दूध आपल्या घरात चालणार नाही. लग्नात कुंडलिकभाऊंना पहिल्या पंगतीला बसवायचं, ते तुमच्या शेजारीच, आणि कुणी कुरकुर केली तर ती तुम्ही निस्तरायची. तुमच्या आईला वर्षाकाठी दोन महिने सारोळ्याहून आपल्याकडे आणायचं. असं ती बराच वेळ सांगत होती. एक एसटी गेली, दुसरी गेली.

मी मधे एक शब्द बोललो नाही.